तीन कप आणि एक दाढ

सोमवार, ता. ४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी जे झालं ते असं:

१. तुमची उजवीकडची खालची दाढ ठणकत होती. तुम्ही तिला लवंगेचं तेल लावलं.
२. तेलाने भागेना, म्हणून कामावर निघताना बधिर करणारं जेल लावलं. ट्यूबवर वाटाण्याएवढं लिहिलं आहे. तुम्ही टूथपेस्टसारखं घेतलं.
३. कंपनीत रोजच्यासारखे चहा चाखायला बसलात.
४. करपट वासाचा माल ‘उत्तम’ म्हणून पुढे पाठवलात.
५. मिश्रणखात्यातल्या बाईंनी पोतं उघडताच नाक धरलं.
६. घरी येऊन मामीला सांगितलंत की पाणी खराब होतं.

पाणी खराब नव्हतं. इतर माणसं जेल लावतात तेव्हा त्यांची हिरडी तेवढी बधिर होते. तुम्ही चहा पीत नाही. चमच्यातून सुर्रकन ओढता, तोंडभर फवारता आणि थुंकता. दाढेवरचं जेल त्या फवाऱ्याबरोबर जिभेच्या टोकापासून घशापर्यंत पोचलं, आणि नाक आधीच लवंगेच्या वासाने भरलेलं होतं. मी दिवसभर प्रयोगशाळेत अशीच मलमं आणि जेल तपासते. एवढं पुरेपूर वापरलेलं जेल अजून पाहण्यात आलं नव्हतं.

जेलने दाढ बरी होत नाही. दुखणं तेवढ्यापुरतं कळत नाही आणि आत कीड तिचं काम करत राहते. काल तुमच्या मोरीतल्या फळीवर ट्यूबांची रांग पाहिली. त्यातली एक टाचांच्या भेगांची आहे. ती तोंडात गेली नसावी अशी आशा आहे.

दाताच्या डॉक्टरांकडे जा. हे फोनवरही बोलता आलं असतं, पण दाढेचं नाव काढलं की तुम्ही हवापाण्यावर घसरता. मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवण्याआधी दाढ दाखवावी.

तुमची भाची


गुरुवार, ता. ७

चि. तराजूबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. पत्र कसलं, आरोपपत्रच ते. मामीने मोठ्याने वाचलं, आणि कलम सहा पुन्हा एकदा, माझ्याकडे बघत. टाचांच्या ट्यूबेबद्दल मी काही बोलणार नाही. चव वाईट होती, एवढंच.

जन्मभर सुर्र करून संसार केला गं. मामी म्हणते, लग्नानंतर कितीतरी दिवस तिला घरात नळ गळतोय असंच वाटायचं. त्या सुर्रेतला चहा ह्याच दाढेवर आपटून फुटतो आणि मग पसरतो. डॉक्टर ती उपटणार, आणि मी घरी बशा पुसत बसायला मोकळा. मामीला ही कल्पना फार आवडली आहे.

आता मुद्द्याचं. मालकांनी मला अठरा तारखेला सगळ्यांसमोर पुन्हा चाखायला बोलावलंय. जमलं तर झालं गेलं विसरले. चुकलो तर माझ्या खुर्चीवर दुसरं कोणी. तुझ्या प्रयोगशाळेत जिभेला धक्का न लावता दाढेला गप्प करणारं काही जालीम असेल तर पाठवून दे. टोपण घट्ट लाव.

मामीचा आशीर्वाद सोबत आहे. माझा लोभ आहे तसाच, दाढेसकट.

मामा

ता. क. हे मामीला कळू देऊ नकोस. जेल लावायला लागलो त्याच्या आधीच मला दोन वेगळे चहा एकसारखे लागले होते. एकदाच नाही. जेल आहे तोवर दोष जेलचा असतो. ते सोडलं आणि तरीही जीभ मुकीच राहिली, तर मी काय करू?


शनिवार, ता. ९

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

ता. क. आधी वाचला, पत्र नंतर. मामीला सांगितलेलं नाही.

जालीम काही पाठवत नाही. दाढेला गप्प करून जिभेला मात्र बोलू देईल असं जेल तुमच्या सुर्रेपुढे टिकणार नाही.

तुम्ही दोनच शक्यता धरल्या आहेत, दोष जेलचा किंवा जिभेचा. तिसरी तुमच्या तोंडातच आहे. किडक्या दाढेतून पू झिरपत असेल तर त्याची चव प्रत्येक घोटात मिसळते. कपात तसलं काही दिसलं असतं तर तुम्ही तो कप न चाखता ओतून दिला असता. तसंच झालं आहे असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय म्हणणार नाही. पण दाढ तशीच ठेवून जिभेचा निकाल लावता येत नाही.

दाढ काढावीच लागेल असंही नाही. ते डॉक्टर ठरवतील. पंधरा तारखेची, शुक्रवारची सकाळची वेळ घेतली आहे आणि मी रजा टाकली आहे. मालकांकडून तारीख पुढची मागून घ्या, कारण तोंड बरं व्हायला वेळ लागतो. मागायला जड जात असेल तर भाची हट्टी आहे असं सांगा. ते खोटं नाही. गाल सुजला, ताप आला किंवा गिळायला त्रास झाला तर शुक्रवारची वाट न पाहता त्याच दिवशी जायचं. एवढं मात्र मामीला सांगून ठेवलं आहे.

मी शाळेत असताना तुम्ही आमच्या ओट्यावर तीन कप मांडायचात. दोन एकाच चहाचे, तिसरा वेगळा, आणि तो मी ओळखायचा. मी चुकले की तुम्ही कप धुऊन ठेवायचात. आईने विचारलं तर म्हणायचात, आज चहाच झाला नाही.

तोंड बरं झालं की तुमच्या ओट्यावर तीन कप मी मांडेन. मामीला मी आधीच कुठेतरी धाडलेलं असेल. ओळखलंत तर मालकांकडे जा. चुकलात तर कप मी धुवेन, आणि आज चहाच झाला नाही.

शुक्रवारी येताय की नाही, ते बुधवारपर्यंत माझ्या हातात पडेल असं कळवा.

तुमची
तराजू