सर्वोत्कृष्ट कोरस

२६ जानेवारी
झेंडावंदन करून आलो. बीपी वाढलेलं आहे, म्हणून संकल्प: यावर्षी व्हॉट्सॲपवर वाद घालायचा नाही.
'भीमगायक मंच' या ग्रुपवर नवी पहाट संगीत पुरस्काराची घोषणा आली आहे. जिल्ह्यात जयंतीला ज्याने ज्याने माईक धरला तो प्रत्येक जण या ग्रुपवर आहे. गेली दोन वर्षं या पुरस्कारावर सडकून लिहिणारा मी एकटाच. डीजेवरच्या धांगडधिंग्याला पुरस्कार, व्ह्यूज मोजून पुरस्कार, आणि परीक्षक असे की पेटी कुठल्या बाजूने उघडते ते माहीत नाही. मला मिळत नाही म्हणून लिहितो असं काही लोक म्हणतात. मला नकोच आहे.
यावर्षी मौन.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लिहिलं. थोडंसंच. गप्प बसलो असतो तर लोकांना वाटलं असतं, मल्हारी गांगुर्डे थकला.

२९ जानेवारी
धम्मपालचा फोन. आमच्या गायन पार्टीत इतकी वर्षं ढोलकीला आहे, आता त्या पुरस्काराच्या कमिटीतही गेला. म्हणाला, यंदाचा जीवनगौरव एका ज्येष्ठ गायकाला द्यायचं घाटतंय. नाव सांगितलं नाही. म्हणजे सांगितल्यासारखंच.
शांतपणे विचार केला. जीवनगौरव हा गंभीर पुरस्कार आहे, त्यावर टीका शोभत नाही. पण टीका एकदम थांबवली तर लोकांना संशय येईल. टीकेसाठी पुरस्कारांची यादी पुन्हा वाचली. सर्वोत्कृष्ट गीत: तिथे सातपूरचा कुंदन उभा आहे, त्याच्यामागे पोरांची फौज. व्हिडिओ: नको, त्यातही सगळे ओळखीचे. शेवटी यंदापासून नवीन, सर्वोत्कृष्ट कोरस. कोरसवाले ग्रुपवर नसतातच. कोणी दुखावणार नाही. हे बरं आहे.

२ फेब्रुवारी
व्हिडिओ केला. गॅलरीत खुर्ची, पुढ्यात पेटी. मोबाईल बायकोने, लताने धरला. हात स्थिर आहे तिचा.
म्हणालो, आता कोरसलाही पुरस्कार, उद्या सतरंजी टाकणाऱ्यालाही देतील. कोरसचं काम काय, तर पुढच्याने म्हटलेलं मागून म्हणायचं. पुढचं मेंढरू गेलं की मागची जातात, त्यात कला कसली? हातवारे चांगले जमले.
लताने विचारलं, झालं का बोलून, बंद करू का? मग चहा ठेवायला गेली.
ग्रुपवर अंगठेच अंगठे. कुंदननेसुद्धा अंगठा दिला.

७ फेब्रुवारी
माता रमाई जयंती. जेलरोडच्या विहारात कार्यक्रम. संसार ओढत मागे उभ्या राहिलेल्या त्या माउलीवर मी असा गायलो की बायका पदराने डोळे पुसत होत्या. लता मागे कोरसला होतीच.

१६ फेब्रुवारी
धम्मपाल घरी आला. लताचं पूर्ण नाव, माहेर, किती वर्षं गाते, हे सगळं विचारून मोबाईलमध्ये लिहून घेतलं. एक फोटोही मागितला. ती शेजारच्या सावित्रीबाईंकडे पापड लाटायला गेली होती, तेव्हा उत्तरं मीच दिली. माहेर वणीजवळचं. लग्न झाल्यापासून गाते, पण गाते म्हणजे आपलं मागेच.
लगेच ओळखलं. सपत्नीक सत्कार. शाल गळ्यात पडताना बायको शेजारी लागते, नाव पुकारताना चुकायला नको, म्हणून ही चौकशी. फोटो मात्र तिचा सुटा निघेना. आमच्या मुलीच्या, तेजलच्या लग्नातला आमचा दोघांचा दिला. म्हटलं, कमिटीला तोच बरा पडेल.
माझा व्हिडिओ पाहिलास का, असं विचारलं. पाहिला म्हणाला. चहा न घेताच गेला. कमिटीत गेलं की माणूस बिझी होतो.

२ मार्च
जोधपुरी कोट शिवायला टाकला. लताला म्हटलं, निळ्या काठाची पांढरी साडी इस्त्री करून ठेव. कशाला, म्हणाली. म्हटलं, कळेल.
भाषण तयार. आभाराचा क्रम: आईवडील, गुरुजी, प्रेसच्या नोकरीतले सहकारी, धम्मपाल, समस्त श्रोते. शेवटी 'आणि सर्व कोरस'. त्यात लता आलीच.

१० मार्च
यादी लागली.
जीवनगौरव मालेगावच्या एका शाहिराला. माझ्याहून मोठे आहेत, ठीक आहे.
सर्वोत्कृष्ट कोरस: लताबाई मल्हारी गांगुर्डे.
पुन्हा पुन्हा वाचलं. बीपीची गोळी घेतली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिला दाखवलं. तिने पिठाचे हात पुसले, मोबाईल लांब धरून पाहिला. म्हणाली, फोटो तर तेजलच्या हळदीचा हाय. फोटोत मला कापून टाकलंय, माझा हात तेवढा तिच्या खांद्यावर राहिलाय. त्या हाताकडे बघून ती खूप हसली. मग स्वतःहून मनमाडला तेजलला फोन लावला आणि उभ्याउभ्याच बोलत राहिली. आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत येत होता. पोळी करपली तरी तिला कळलं नाही.
मी अभिनंदन केलं. बहुतेक केलं.

११ मार्च
कुंदनने ग्रुपवर तिच्या फोटोखाली माझा व्हिडिओ टाकला. खाली हसणारी तोंडं. एकाने लिहिलं, नाशिकचं नंबर एक मेंढरू. एकाने मेंढरासारखा बें बें आवाज काढून व्हॉइस मेसेज टाकला. हा शब्द मीच दिला होता त्यांना.
तेजलचा फोन आला. रडत होती. पप्पा, म्हणाली, तो व्हिडिओ काढताना मोबाईल मम्मीने धरला होता ना? मी समजावलं की प्रश्न व्यक्तीचा नाही, तत्त्वाचा आहे. फोन कट झाला. रेल्वे क्वार्टर्सच्या बाजूला रेंजचा प्रॉब्लेम आहे.
लताने तो बें बेंचा आवाज ऐकला. मीच मोबाईल टेबलावर विसरलो होतो.

१३ मार्च
खुलासा लिहायला बसलो. पहिला मसुदा माझ्या कारकिर्दीपासून सुरू झाला आणि लताच्या नावापर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्यात ती आली, पण 'माझ्या मार्गदर्शनाखाली' अशी. तिसरा बरा होता, पण तो वाचून कुंदन हसला असता.
व्हिडिओ माझ्याकडून डिलीट केला. तेजल म्हणते, लोकांनी तो कधीच पुढे पाठवलाय. खुलासा उद्या.

१५ मार्च
लताने धम्मपालला फोन केला. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. म्हणाली, भाऊ, जय भीम, तुम्ही आठवण ठेवली, लय बरं वाटलं, पण मी यायची नाय. घरातल्या माणसालाच जे पटत नाय, ते मी आणून घरात कुठं ठेवू?
अभिमान वाटला. तत्त्वाची बाई आहे. एवढी वर्षं माझ्या संगतीत राहिली त्याचा परिणाम.
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

२३ मार्च
कालिदास नाट्यगृहात गेलो, दुपारच्या पुरस्कार सोहळ्याला. तिच्या वतीने स्वीकारायचा आणि दोन शब्द बोलून सगळं मिटवून टाकायचं, असा प्लॅन. जोधपुरी घातला. कुठं निघालात, असं तिने विचारलंसुद्धा नाही.
मागच्या रांगेत बसलो. तिचं नाव आलं तेव्हा धम्मपाल माईकवर म्हणाला, ताई आल्या नाहीत, पण त्यांचा आवाज आणलाय. वणीच्या जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं. ते मी ओळखतो. ते माझं सर्वात गाजलेलं गाणं. शेवटच्या अंतऱ्यातल्या वरच्या ओळीचं लोक अजून नाव काढतात.
हॉलचे स्पीकर मोठे होते. सगळं सुटं सुटं ऐकू आलं. माझा आवाज वर चढतो, मध्येच तुटतो, आणि तिथून पुढे वर जाते ती लता. इतकी अलगद की सांधा कळत नाही. लोकांना कळला नव्हता. मलाही नाही. इतकी वर्षं ती ओळ माझी म्हणून मी छाती काढून फिरलो.
सगळा हॉल उभा राहिला. मीही राहिलो. धम्मपालने विचारलं, मल्हारीभाऊ आलेत का? मी खाली बसलो. पुढची माणसं उभी असल्याने दिसलो नाही. सन्मानचिन्ह कमिटीकडेच राहिलं.

२४ मार्च
लताला सांगितलं, काल वणीचं रेकॉर्डिंग लावलं होतं. म्हणाली, त्या दिवशी तुमचा घसा बसला व्हता.
विचारलं, आणि बाकीच्या दिवशी?
म्हणाली, भाजी लागंल खाली. आत गेली.

५ एप्रिल
जयंतीच्या कार्यक्रमाची तालीम. लता येणार नाही म्हणते. गुडघे दुखतात. बरं, हरकत नाही. धम्मपालने कॉलेजच्या दोन मुली आणल्या, स्नेहा आणि सायली. हुशार आहेत. मी म्हणतो ते माझ्यामागून जसंच्या तसं म्हणतात. मी थांबलो की थांबतात. मी चुकलो की चुकतात.
पट्टी काळी दोनवरून खाली पांढरी एकवर आणली. भारदस्त वाटतं.

११ एप्रिल
खुलासा अजून राहिलाय. आता लोक विसरले असतील, उगाच आठवण नको.
लताला म्हटलं, निदान ऐकायला ये. बघू, म्हणाली.
मला फार वाईट वाटतंय. तिला सांगणार होतो. बघू म्हणाल्यावर राहिलं.

१५ एप्रिल, सकाळ
काल जयंती. कॉलनीत स्टेज, गर्दी चांगली. लता सावित्रीबाईंबरोबर आली आणि तिसऱ्या रांगेत बसली, तीच निळ्या काठाची पांढरी साडी नेसून. एवढ्या वर्षांत ती नेहमी माझ्या पाठीमागे असायची. गाणं चालू असताना तिचा चेहरा कसा दिसतो ते मी काल पहिल्यांदा पाहिलं.
तिचे ओठ हलत होते. प्रत्येक अंतरा, प्रत्येक शब्द. आवाज नव्हता.
वरची ओळ जवळ आली आणि मला राहवलं नाही. माईकवरच म्हणालो, लता, वर ये. मुली गप्प झाल्या. सगळी कॉलनी तिच्याकडे वळली. कोणीतरी पोरांमधून बें केलं. ती उठली, खुर्ची सावित्रीबाईंच्या सासूला सरकवून दिली आणि घराकडे चालू लागली. धम्मपालने ढोलकी थांबू दिली नाही, म्हणून गाणं संपलं तरी.
घरी जाऊन तिला म्हणायचं ठरवलं होतं, लता, माझं चुकलं. वाटभर तेच घोकत आलो. दारात आल्यावर तोंडातून निघालं, कार्यक्रम कसा वाटला? चांगला झाला, म्हणाली. ताट वाढलं.
आता ती मोरीत भांडी घासतेय. भांडी घासताना ती गात असते, रोज. त्याच्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं, पण पेपर वाचताना ते कानावर असायचं. आज नाही. पाण्याच्या आवाजात ऐकू येत नसेल, म्हणून जाऊन नळ बंद केला आणि उभा राहिलो.
म्हणाली, नळ कशाला बंद केला, भांडी राहिलीत अजून.