मशीनबरोबर मॉरिशसला

८ सप्टेंबर, सोमवार

आज कंपनीत मीटिंग. धर्मेशशेठ स्वतः खाली आले, म्हणजे विषय मोठा असणार हे मी आधीच ओळखलं. शेठ म्हणाले, प्लास्टिकच्या झाकणांचा धंदा आता परवडत नाही. मोरिवलीचा प्लांट दिवाळीआधी बंद, जागा गोडाऊनला जाणार, मोल्डिंगची तिन्ही मशीनं मॉरिशसच्या एका पार्टीला विकली.

सगळ्यांचे चेहरे पडले. माझा हेल्पर दिपेश तर गोणीवरच बसला. मी शांत. कारण 'मॉरिशस' म्हणताना शेठ माझ्याकडे बघत होते. (दिपेशचं म्हणणं, माझ्या मागे भिंतीवर घड्याळ आहे. पोरगा कामाला चांगला, पण त्याला माणसं कळत नाहीत.)

मुद्दा साधा आहे. तीन नंबरचं मशीन मध्येच बंद पडतं. मग मी पॅनलच्या डाव्या अंगाला एक थाप मारतो, की चालू. कुठे मारायची आणि किती जोरात, हे फक्त मला जमतं. मशीन मॉरिशसला गेलं तर थापही तिकडेच लागणार.

संध्याकाळी किर्तीला सांगितलं. तिने विचारलं, आता पुढे काय? म्हटलं, पुढे मॉरिशस. ती पोळ्या लाटत राहिली. आनंदाने बोलणं सुचत नसेल.

१० सप्टेंबर, बुधवार, पहाटे ५ (खरं म्हणजे पावणेसात)

संकल्प: रोज पहाटे उठून अर्धा तास फ्रेंच. रोज एक शहर पाठ. तंबाखू बंद.

शेजारच्या वैष्णवीचा शाळेचा ॲटलास मागून आणला. मॉरिशस सापडेना. मादागास्करच्या उजवीकडे एक ठिपका होता, मला वाटलं डाळीचा डाग. नखाने खरवडला. गेला नाही. तेच मॉरिशस.

झेंड्याला चार आडवे पट्टे: लाल, निळा, पिवळा, हिरवा. सोपं आहे. राष्ट्रीय पक्षी डोडो. तो तीनशेच्या वर वर्षांपूर्वी संपला. नसलेल्या पक्ष्याला एवढा मान देणारा देश म्हणजे जुन्या माणसांची कदर करणारा देश. माझं तिथे बरं चालेल.

हे किर्तीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, त्याला उडता येत नव्हतं? म्हटलं, नाही. म्हणाली, मग माणसं मारायला आली तेव्हा पळाला का नाही? म्हटलं, त्याला ती पाहुणे वाटली. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. तिला इंटरेस्ट यायला लागलाय.

१३ सप्टेंबर, शनिवार

राहायचं कुठे, याचा आज निकाल लावला. पोर्ट लुई राजधानी आहे, पण बंदर म्हणजे गर्दी आणि उकाडा. कात्र बोर्नला बाजार चांगला, म्हणजे किर्तीचा सगळा वेळ तिथेच जाणार. क्युरपिप उंचावर, हवा थंड, पाऊस सारखा. घरांत ओल असते म्हणे. आपल्या बेलवलीच्या बेडरूमला तीन भिंतींवर बुरशी आहे, त्यामुळे सवयीचा प्रश्न नाही. क्युरपिप फायनल.

फ्रेंच झालं नाही. सोमवारपासून.

१७ सप्टेंबर, बुधवार

मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे. शरीराला आतापासून सवय हवी म्हणून काल मनगटावरचं घड्याळ तसं लावलं. आज कंपनीत पोचलो तेव्हा गेटवरच्या वॉचमनने हाफ डे टाकला. मी त्याला पृथ्वीचं फिरणं समजावून सांगितलं. तो म्हणाला, साहेब, वो सब अंदर बताओ. बंद पडणाऱ्या कंपनीत ही शिस्त!

तंबाखू: हाफ डेच्या टेन्शनमुळे एकदाच.

२० सप्टेंबर, शनिवार

दिपेश मला उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये घेऊन गेला. गल्लीत एक वर्कशॉप आहे, पर्स आणि बेल्टची बकलं बनवतात. मालक सिंधी, माणूस गोड. त्याला दोन माणसं हवीत. दिपेशने माझं इतकं कौतुक केलं की मालक म्हणाला, साईं, सोमवार से आ जाओ. दिपेश स्वतः दिवाळीनंतर तिथेच लागणार.

बघितलं. हॅण्डप्रेस. डोक्यावर एकच पंखा, तोही मालकाकडे तोंड करून. मी नम्रपणे सांगितलं, माझं परदेशाचं चाललंय. बाहेर आल्यावर दिपेश म्हणाला, भाऊ, तुम्हाला कोणी बोलावलंय का पण? मी म्हटलं, काही गोष्टी बोलून होत नाहीत. तो म्हणाला, जागा थोडे दिवस अडवून ठेवतो. बिचारा. मला सोडवत नाहीये त्याला.

येताना तिथूनच नारळाची झाडं छापलेला शर्ट घेतला. दुकानदाराने विचारलं, गोवा जा रहे हो? मी नुसता हसलो.

२४ सप्टेंबर, बुधवार

मॉरिशसचा माणूस आला! मिस्टर भिवाजी. वय तिशीच्या आत. शेठ मला म्हणाले, सुजित, याला सगळं नीट शिकव, तिकडे हाच बघणार. म्हणजे माझा असिस्टंट.

मी पुढे होऊन म्हटलं, बोंजूर, कोमां साव्हा. तो म्हणाला, मी बरा हाय, तुमी कसे? त्याचे पूर्वज रत्नागिरीकडचे, ऊस तोडायला गेले ते तिथलेच झाले. घरात अजून थोडी मराठी आहे. माझी फ्रेंच वाया गेली, पण उच्चारांचं त्याने कौतुक केलं. निदान हसला तरी.

त्याला मी त्यांच्या राजचिन्हातला डोडो, सांबर, ऊस सगळं म्हणून दाखवलं. तिथल्या सगळ्यात मोठ्या डोंगराची उंची विचारली तर त्याला येईना. स्वतःच्या देशाची ही तयारी! माझी तिथे किती गरज आहे ते कळलं.

जेवताना तो म्हणाला, आमच्याकडे ऑपरेटर सहा हायेत. म्हणजे माझ्या हाताखाली सहा.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तीन नंबर बंद पडलं. सगळ्यांना बाजूला केलं, भिवाजीला जवळ बोलावलं आणि थाप मारून दाखवली. त्याला मारायला लावली. जमली नाही. मला बरं वाटलं.

मग त्याने पॅनल उघडलं. आत एक वायर सैल होती. स्क्रू आवळला. त्यानंतर मशीन दिवसभर बंद पडलं नाही.

मुलगा हुशार आहे. असिस्टंट असाच हवा.

रात्री भूक नव्हती. पित्त.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

कंपनीत शेवटची पूजा. मशीनं धुतली, पुसली, झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू वाहिलं. पॅकिंगच्या गोजरबाई कित्येक वर्षं एक नंबरवर झाकणं वेचतायत. त्या मशीनला नमस्कार करायला वाकल्या त्या लवकर उठल्याच नाहीत.  

पेढे वाटताना शेठना गाठलं. म्हटलं, माझ्या तिकिटाचं काय ठरलं? शेठनी हातातला पेढा खाली ठेवला. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, अरे सुजित, मशीन बोटीतून जातं रे. माणसाचं कसं करणार मी?

बोट मलाही नको होती. विमानाचं बघतायत.

५ ऑक्टोबर, रविवार

सोसायटीने माझा निरोप समारंभ केला. मी कोणाला सांगितलं नव्हतं. लिफ्टपाशी, वाण्याकडे आणि ग्रुपवर सहज बोललो होतो, तेवढंच.

चेअरमन महिपतीकाकांनी शाल आणि नारळ दिला. म्हणाले, बेलवलीचं नाव समुद्रापार नेणारा पहिला माणूस. मी नारळाच्या झाडांचा शर्ट घातला होता. भाषणात झेंडा, फूल, पक्षी, पोर्ट लुई, क्युरपिप, बेटाची रचना, ज्वालामुखी सगळं घेतलं. मध्येच लाईट गेली, तरी थांबलो नाही. लाईट आली तेव्हा माणसं थोडी कमी वाटली.

किर्ती शेवटच्या खुर्चीवर होती. घरी येऊन तिने शाल घडी करून कपाटात अगदी खाली ठेवली. म्हणाली, आता खाली कसे उतरणार तुम्ही? मी म्हटलं, लिफ्टने.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मशीनं गेली. सकाळपासून क्रेन. तीन नंबर ट्रेलरवर चढलं तेव्हा मी बॅग घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. कोणीतरी सोबत हवंच, रस्ते खराब आहेत. ड्रायव्हरला वाटलं, शेठनेच पाठवलाय. पुढे त्याने फोन करून विचारलं. मग काटई नाक्याला गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, उतरो चाचा.

चाचा!

ट्रेलर दिसेनासा होईपर्यंत थांबलो. मग शेअर रिक्षा. बॅग मांडीवर.

सोसायटीत अंधार पडल्यावर शिरलो. महिपतीकाका खालीच होते. त्यांनी विचारलं, फ्लाईट कधी? म्हटलं, आजच.

का म्हटलं, माहीत नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

घराबाहेर पडलेलो नाही. वाचनाला वेळ मिळतो, हा फायदाच. मॉरिशसच्या नद्या झाल्या.

फराळाला माणसं आली. मी बेडरूममध्ये, पंखा बंद करून, कारण तो वाजतो. बाहेर महिपतीकाका विचारत होते, सुजितरावांचा फोन येतो का? किर्ती म्हणाली, येतो. तिकडे दिवाळी करतात का? ती म्हणाली, करतात. खरं आहे, तिकडे सुट्टी असते. हे मीच तिला सांगितलं होतं. मला शिंक आली ती उशीत दाबली.

सगळे गेल्यावर किर्तीने पाडव्याचं ओवाळलं. ताटात ओवाळणी घालायचं माझ्या लक्षातच आलं नाही. ती ताट धरून थोडी थांबली. मग आत गेली.

१० नोव्हेंबर, सोमवार

भिवाजीला आतापर्यंत बरेच मेसेज केले. निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. बेटावर नेटवर्क कमीच असणार.

मधल्या काळात वेळ घालवायला म्हणून दिपेशला फोन केला. तात्पुरतं, थोडे दिवस, त्यांना मदत म्हणून येऊन जाईन, असं म्हटलं.  तो म्हणाला, भाऊ, ती जागा भरली. म्हटलं, कोणी घेतली? तो म्हणाला, मालक बोलावतोय, ठेवतो.

किर्ती हल्ली सकाळीच डबा घेऊन जाते. म्हणते, कॅम्पात शिवणाचं काम आहे. हाताला मशीन ऑईलचा वास येतो. शिलाई मशीनलाही ऑईल लागतंच.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

भिवाजीचा व्हिडिओ आला! शर्ट बदलून मगच उघडला.

मोठा स्वच्छ हॉल. तीन नंबर हिरव्या रंगात रंगवलेलं. झाकणं पडतायत, एकसारखी. बाजूला एक मुलगी खुर्चीवर बसून मोबाईल बघतेय. भिवाजीचा आवाज: बघा दादा, आपोआप चालतं. थँक यू.

मी लिहिलं, मी कधी येऊ? त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं. आपल्याकडे याचा अर्थ नमस्कार. तिकडे काय होतो ते शोधतोय.

अजून सापडलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

किर्तीच्या बोटाला पट्टी. विचारलं तर म्हणाली, हॅण्डप्रेसमध्ये आलं, थोडक्यात वाचलं. शिवणकामात हॅण्डप्रेस कशाला, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही. मी हळद आणली. तिने पट्टी सोडून बोट पुढे केलं.

मग तिने स्वतःच सांगितलं. दिवाळीनंतर ती एकटी कॅम्प चारला गेली, दिपेशला भेटली, माझ्यासाठी अडवलेली जागा मागितली. आज मालकाने पट्टी बांधायला दिली आणि विचारलं, बहेनजी, घर में मर्द नहीं है क्या? दिपेश समोरच होता. तो मान खाली घालून बकलं घासत राहिला.

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस?

म्हणाली, मॉरिशसला असतात.

मी पट्टी पुन्हा नीट बांधली. मग विचारलं, तिथे मी काय करतो म्हणून सांगितलंस?

किर्ती म्हणाली, ते त्यांनी विचारलं नाही.