हवेनं लागलेलं दार

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोवरचा हारसुद्धा आता प्लास्टिकचा झाला आहे. आज लिहायला बसले ते काही आठवणींनी गहिवरून नाही. भीती वाटते आहे म्हणून, आणि या भीतीबद्दल विचारावं असं दुसरं कुणी उरलेलं नाही म्हणून. माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे. "ही पोरगी सासूले खाईन," असं मी तिसरीत तुमच्या वर्गात असताना तुम्ही माझ्या आईला म्हणाला होतात. सासू ठणठणीत आहे. शिक्षकांच्या सभेत मी साहेबांची नक्कल करते आणि अख्खं सभागृह हसवते. पण गेलं वर्षभर शाळेच्या वळणावर स्कूटी आली की मी वेग कमी करते, आणि त्याला कारण आहे दुसरीतली एक मुलगी. सात वर्षांची आहे. माझ्या कमरेपर्यंतही येत नाही.

हिंगणीच्या पुढे, जंगलाला लागून आमची शाळा. चार वर्ग, दोन शिक्षक. दुसरे सर कायम प्रशिक्षणाला असतात, म्हणजे मुलं कशी सांभाळावीत ते शिकायला. तोवर चारही वर्गांची मुलं माझ्याकडे, एकाच खोलीत. ही मुलगी दुसऱ्याची वही फाडते, चावते, बसायच्या टाटपट्टीखाली पाणी ओतते. घरी गोंडी बोलतात, पण शिव्या ती अस्सल वऱ्हाडीत देते. माझ्या शिकवण्याचं एवढं एकच फळ मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा गणिताच्या तासाला ती उठून ओरडली, "मॅडम, वाघ आला!" मिनिटभरात वर्ग रिकामा, अर्धी पोरं रस्त्यावर. वाघ नव्हता. मी तिला बसवलं तेव्हा माझा हात वर गेला होता, बाई. मारलं नाही. पण वर गेलेला तो हात मी पाहिला, आणि तेव्हापासून मला तिची जास्त भीती वाटते की माझ्या हाताची, ते नीट सांगता येत नाही.

मागच्या सोमवारी वरून निरोप आला, लिंक अर्ध्या तासात भरा. शाळेत नेटवर्क नाही. ते मिळतं रस्त्यापलीकडच्या मारुतीच्या पारावर. तीस पोरं मोकळी सोडून पारावर जायचं तर परत येईपर्यंत निम्मी जंगलात. तेव्हा मी ते केलं जे आम्ही सगळे करतो आणि कुणीच बोलत नाही. दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली. पारावर माहिती भरत होते तेव्हा वर्गातून गलका आला. मग दारावर धपाधप, आणि तिचाच आवाज. "मॅडम, साप! साप हाये!" आदल्या आठवड्यात वाघ झाला, आता साप, असं मनात आलं आणि हसूही आलं. लांडगा आला रे आला ही गोष्ट मी दरवर्षी शिकवते. मी माहिती पूर्ण भरली, बाई. हिरवी खूण येईपर्यंत थांबले.

परत आले तेव्हा सगळं शांत होतं. आमच्या शाळेत इतकी शांतता पंधरा ऑगस्टलाही नसते. मी कडी काढली. आत पोरं टेबलावर, कपाटावर, खिडकीच्या गजांना लटकलेली. पहिलीतली चार तिनं आपल्या पाठीमागे दाराशी दाबून धरली होती आणि तिच्या दोन्ही हातांची बोटं सोलून निघाली होती. खिचडीच्या तांदळाची पोती आम्ही वर्गातच ठेवतो, पोत्यांना उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप आला होता. स्वयंपाकाच्या मावशी काठी घेऊन धावत आल्या, कोपऱ्यात वाकल्या आणि म्हणाल्या, "धामण हाये वं माय, काई करत नाई ते. काऊन एवढ्या भेल्या?" धामण होती. मी तेव्हापासून मनात रोज धामणीच्या जागी नाग घालून बघते.

आणि मला तुमचा दिवस आठवला. सेलूची शाळा, तिसरीचा वर्ग. मी तुमच्या चालण्याची नक्कल करते आहे, वर्ग लोळतो आहे, आणि तुम्ही दारात उभ्या. मला सामानाच्या खोलीत घातलंत, कडी लावलीत आणि विसरलात. दारावर मारून मारून माझी बोटं सुजली. संध्याकाळी आई आली तेव्हा तुम्ही म्हणालात, "हवेनं दार लागलं असन." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमचा लाल पेन दिलात आणि मी तो वर्षभर उशाशी घेऊन झोपले. बाई मला जीव लावतात, असं मी घरी सांगत असे. पेन देताना तुम्ही माझ्या बोटांकडे बघत नव्हतात, हे मला पन्नाशीला टेकल्यावर आठवावं?

तिचा बाप संध्याकाळी आला. जंगलात कूप कटाईला, म्हणजे वनखात्याची झाडं तोडायला जातो, बोलणं कमी. "हाताले काय झालं जी मॅडम?" मी तोंड उघडलं. जिच्या जिभेला साहेब घाबरतात ती मी टेबलावरचे खडू डबीत भरायला लागले. तेवढ्यात तीच म्हणाली, माझ्याकडे बघत, "हवेनं दार लागलं बावा." मी म्हटलं, हो. हवेनं दार लागतं, कडी लागत नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. माझ्या आईलाही कळलं असणार. तो दाराशी गेला. कडी एकदा सरकवली, एकदा काढली. "येतो जी," म्हणाला, आणि पोरीला खांद्यावर घेऊन गेला.

तेव्हापासून ती एक शब्द बोलत नाही. ती गप्प म्हणून वर्ग गप्प. केंद्रप्रमुख येऊन गेले, म्हणाले, "वा मॅडम, काय शिस्त आहे!" मी दार उघडायला हात पुढे केला तरी ती भिंतीला चिकटते. त्या दिवशी तिनं मला वाचवलं असं मी दोन रात्री स्वतःला सांगून पाहिलं. नाही. ती मला भ्याली होती, जशी मी तुम्हाला.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या गावचा पोस्टमनही निवृत्त झाला. वहीतच राहील. पण एक सांगते. काल सेलूच्या दुकानातून मी लाल पेन घेतला. तो पर्समध्ये आहे. तिच्या घरी जाऊन, कडी मीच लावली, एवढं बापाला सांगायचं की सकाळी पेन तिच्या हातात द्यायचा, हे अजून ठरत नाही. मला भीती याची आहे, बाई, की मी पेन देईन, आणि ती घेईल.