दुकानाची अंगठी

सोमवार, ३ तारीख
नोकरी लागली एकदाची. शिवणकामाचं मोठं दुकान, वर राहायला खोली, खोलीला भरपूर ऊन. माझं काम पसंत पडलं तर महिनाभरात लेकीलाही कामावर घेणार. तोवर ती माझ्या बहिणीकडे. मालकीणबाई गोड बोलतात, जरा जास्तच गोड. इथली रीत म्हणे, नव्या बाईने पहिला आठवडा दुकानाची अंगठी घालायची. वेळ आली की ती आपणहून उतरते. म्हटलं, घालते, माझं काय जातंय. उजव्या अनामिकेत चपखल बसली. सोबतच्या दोघी, थोरली आणि काजं करणारी, नुसत्या टकामका बघत होत्या. बस म्हणायचीसुद्धा दानत नाही.

मंगळवार, ४
बोट सुजलंय. अंगठी निघेना. थंड पाण्यात हात बुडवला, साबण लावून हळूहळू फिरवून पाहिली, मग हात उशीवर उंच ठेवून पडून राहिले. ओढाताण मुद्दाम केली नाही, ओढलं की सूज वाढते. थोरलीकडे तेल मागितलं तर म्हणाली, तेलाने काय होतंय. काजंवाली फिसकन हसली. मेलीला हसायला काय झालं कोण जाणे.

बुधवार, ५
सोनाराकडून कापून आणते म्हटलं आणि बाईंचा गोडवा झटक्यात उतरला. कापायचं नाव काढू नकोस, म्हणाल्या. दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. माझ्या लेकीचा पत्ता मात्र पुन्हा नीट लिहून घेतला.
दोघी उजवा हात सारखा कापडाखाली का ठेवतात ते आज कळलं. दोघींनाही अनामिका नाही.

गुरुवार, ६
डाव्या हाताने लिहितेय. बोट जांभळं, बधिर. मला भीती वाटतेय. हातावर पोट आहे माझं.
आता दोराच. टोक अंगठीखालून घ्यायचं, अंगठीपासून पुढे बोटाला जवळजवळ वेढे द्यायचे, मग तेच टोक धरून एकेक वेढा सोडवायचा. वेढा सुटेल तशी अंगठी पुढे सरकते. शिवणारीला एवढं जमू नये?
पण एकही रीळ जागेवर नाही. थोरली म्हणाली, मिळेल, आम्हालाही मिळालं होतं.

शुक्रवार, ७
सकाळी माझ्या पाटावर भरलेलं रीळ. कुणी ठेवलं—

टोक अंगठीखालून घेतलं. नखापर्यंत वेढे दिले. दोरा रिळापासून तोडला नाही. काम संपल्याशिवाय दोरा तोडायचा नाही, वीस वर्षांची खोड—

टोक सापडत नाही. अंगठीखाली गेलं. आत.

रीळ फिरतंय. मी ओढत नाहीये—

वेढे आवळतायत. कातर थोरलीकडे आहे. हात जोडले तिला. म्हणाली, माझ्या वेळी कुणी दिली होती?

बाई दारात. म्हणतात, झालंच, आता उतरेल. पुढचीचं बोट नाजूक आहे, तिला—

जिन्यावर पावलं. ओळखीची. माझी लेक. मी बोलावलं नव्हतं, बाईंनी माझ्या नावाने—

ओरडतेय तर काजंवालीने तोंड दाबलं.

बाई तिला म्हणतायत, हात पुढे कर बाळ. ती हसतेय. ती हात—