गाडी सगळ्यांना हलकी, मलाच जड

तासगाव

आदरणीय मेहुणे उदयसिंहराव यांस नाथाजीचा नमस्कार.

आष्ट्यात सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला का? इकडे मी बरा आहे, आणि तुमची बहीण नको तितकी बरी आहे. तक्रार आहे ती गाडीबद्दल.

तुम्ही मला विकलेल्या गाडीचं स्टेअरिंग एकाएकी जड झालं आहे. परवा बाजार समितीच्या फाटकात ती वळता वळेना. मागे बेदाण्याचे ट्रॅक्टर, पुढे एस.टी., आणि मध्ये लडाखच्या घाटात फौजेचा ट्रक चालवलेला मी! तुमची बहीण शेजारून म्हणते, "आवं, किल्ली सुनंकडं द्या आता. तुमच्यानं हुईना." (सून अंकिता गुणी आहे, पण गाडी माझी आहे.) मला फार लागलं ते. दोष गाडीचाच आहे हे सिद्ध केल्याशिवाय जेवण गोड लागेना.

मिस्त्रीने चाकातली हवा पाहिली, तेल पाहिलं, खाली शिरून सगळं हलवून पाहिलं आणि म्हणाला, "गाडीत कायबी न्हाई." म्हणजे त्याला काही कळत नाही. शेवटी आमचे मित्र सम्मेद (बेदाण्याचे व्यापारी) म्हणाले, जड का हलकं ते काट्याला विचारा, आणि त्यांनी हुकाचा वजनकाटा आणला. स्टेअरिंगच्या कडेला हूक अडकवायचा, ओढायचं, आणि ते फिरू लागलं की आकडा वाचायचा. पहिला आकडा एवढा मोठा आला की मी आनंदाने सगळ्यांना चहा सांगितला. तेवढ्यात अंकिता म्हणाली, "मामा, इंजिन बंद हाय की!" (पॉवर स्टेअरिंगला इंजिन लागतं हे मलाही ठाऊक आहे, डिझेल वाचवत होतो.) इंजिन चालू केल्यावर आकडा पार घसरला. त्यातूनही सम्मेदनी सवयीने खोक्याचं वजन वजा केलं! मी हरकत घेतली. मग बाजारातच उभ्या असलेल्या तसल्याच दुसऱ्या गाडीला काटा लावला, तर आकडा अगदी सारखा. वर अंकिताने आमची गाडी एका हाताने वळवून सावलीला लावली. दुसऱ्या हातात तिचा चहा होता.

आता माझं डोकंच चालत नाही. काटा खोटा म्हणावं तर सम्मेद रागावतात. पण माणूस बघून जड व्हायचं हे गाडीला कसं कळतं? असं काही होतं तर विकताना सांगायचं तरी.

आपला,
नाथाजी

ता. क. : सोमवारी सवड काढून या. गाडी मिरजेला मोठ्या गॅरेजात दाखवायची आहे, असं बहिणीला सांगा.

ता. ता. क. : मिरजेत खांद्याचा चांगला डॉक्टर कोण, ते आधी विचारून ठेवा. उजवा हात वर जात नाही. सदरा घालताना डोळ्यांत पाणी येतं. फोनवर सांगितलं असतं, पण तुमची बहीण फोन स्पीकरवर टाकते. जाता-येता गाडी तुम्हीच चालवा. फक्त घरासमोरून निघताना स्टेअरिंगवर मी बसेन. आमच्या गल्लीला वळण नाही, तेवढं जमेल.