मूळ घर कोणी काढलं?

ती. भाऊजी यांना,

धाकट्या मेव्हणीचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी मान कॉम्प्युटरकडे बघून बघून आखडली आहे, तेव्हा सध्या सातांवर भागवून घ्या.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? ताई म्हणते आटोक्यात आहे. पण ताईच्या घरात काय आटोक्यात नसतं? तिला सांगा, इकडे सगळे मजेत आहेत. या 'सगळे'मध्ये मला धरू नका.

तुम्हाला माहीत आहेच की आमच्या शाळेतले कॉम्प्युटरचे सर मधेच नोकरी सोडून गेले. जाताना कपाटाची किल्ली देऊन गेले, पासवर्ड घेऊन गेले. त्यांचा वर्ग मोठ्या बाईंनी (आमच्या मुख्याध्यापिका, उंचीने माझ्या खांद्याला लागतात) माझ्या गळ्यात घातला, कारण भूमितीचे तास कमी झाले आणि मी अतिरिक्त ठरण्याच्या बेतात आले. अतिरिक्त शिक्षकाला संस्था गावाबाहेरच्या शाखेत पाठवते. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात आणि परत यायला नशीब लागतं. संस्थेची समिती येत्या गुरुवारी येणार, मुलांनी स्वतः लिहिलेले प्रोग्राम बघणार, पटलं तर मी इथे राहणार, नाही तर मी आणि माझा डबा रोज त्या दोन बसमध्ये. अशा अवस्थेत मी तुमच्याकडे जेवायला आले होते, आणि तुम्ही, ऑफिसात प्रोग्राम लिहिणारा माणूस, हातातला पेला खाली न ठेवता म्हणालात, "त्यात काय एवढं? ओपन सोर्स वापर, फुकट असतं, सगळ्यांना खुलं. ब्राउझर उघडायचा, की झालं!" भाऊजी, तुम्ही माणसाला विहिरीत ढकलतानासुद्धा पाणी स्वच्छ आहे असं सांगून ढकलता.

उघडला ब्राउझर. त्यात तुम्ही सांगितलेलं ते साधन. एक कासव असतं, त्याला लेखी हुकूम द्यायचे (पुढे जा, डावीकडे वळ) आणि ते मागे रेघ ओढत चालतं. मला वाटलं, भूमितीच आहे, फक्त पट्टीला पाय फुटलेत. पण आमचं कासव कधी कधी सांगितलेल्या जागी थांबेना. म्हटलं, मालकाला कळवावं. तर मालकच सापडेना! 'आमच्याविषयी' उघडावं तर तिथे ढीगभर नावं, एकालाही हुद्दा नाही. शेवटी मी तक्रारीच्या जागी रीतसर अर्ज लिहिला. महोदय, विषय : कासव आज्ञेप्रमाणे थांबत नसल्याबाबत, कळावे, आपली विश्वासू. लगेच कोणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं, फार गोड. म्हणे आभारी आहोत, चूक खरी आहे, सगळा कोड उघडाच ठेवलेला आहे, तुम्हीच दुरुस्त करून पाठवा की! पंखा फिरत नाही म्हणून दुकानात जावं आणि दुकानदाराने पेचकस हातात देऊन स्टुलावर चढवावं, तसं झालं. वर आभार मानलेले, त्यामुळे भांडायचीही सोय नाही. मी लिहिलं, आपल्या वरिष्ठांचं नाव कळवावं. त्यावर दुसऱ्याच कोणीतरी नुसतं एक हसरं तोंड पाठवलं. तेच वरिष्ठ असावेत.

पण कासवाचं सोडा. खरा घोटाळा परीक्षेत झाला. परीक्षेच्या दालनातली माझी ख्याती तुम्हाला ठाऊक आहे. मुलं मला पाठीमागे 'दुर्बीण' म्हणतात (समोर 'बाई' म्हणतात, पण त्यातही दुर्बीण ऐकू येते). बाह्यांतली, बुटांतली, कंपासपेटीच्या झाकणातली कॉपी मी दारातून ओळखते. तर मी चाचणीत सांगितलं, कासवाकडून एक घर काढून घ्या. पेपर म्हणून पडदे तपासायला बसले आणि बघते तो काय, सगळ्या वर्गाचं एकच घर! खाली चौकोन, वर त्रिकोण, आणि त्रिकोणाला चिकटलेलं डावीकडे कललेलं धुराडं. रंग तेवढे वेगळे. एकीने खिडकी काढली होती, एकाने दाराशी कुत्रा उभा केला होता (तो टेबलासारखा दिसत होता, पण खाली 'कुत्रा' लिहिलं होतं). मला लहान मुलांनी फसवायचं? सगळ्यांना सरसकट शून्य! असं समाधान मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गातली बडबडी (तिचं खरं नाव हजेरीत आहे, पण ते कोणी घेत नाही) उभी राहून म्हणाली, "बाई, पण तिथे बटणच आहे ना." कसलं बटण? तर 'नक्कल करा' असं ठसठशीत बटण! बाह्यांत नाही, बुटांत नाही, भर पडद्यावर, हिरव्या रंगात. या साधनात म्हणे रीतच आहे की आवडलेलं दुसऱ्याचं काम उचलायचं, त्यात आपली भर घालायची आणि आपलं म्हणून ठेवायचं. आणि लपवायचंही नाही. प्रत्येक कामाखाली लिहूनच येतं की हे अमक्याच्या कामावरून घेतलं. मी म्हटलं, बरं झालं, मुख्य गुन्हेगार सापडेल. कुत्रेवाल्याने खिडकीवालीकडून घेतलेलं, खिडकीवालीने बडबडीकडून, आणि बडबडीने? बडबडीने माझ्याकडून. ते घर मी फळ्याऐवजी पडद्यावर काढून दाखवलेला नमुना होता. ते कललेलं धुराडंही माझंच. वर्ग एका दमात हसला. मी कडक आवाजात म्हटलं, शांत बसा, आणि तेवढ्यात कोणीतरी माझ्या नावाखालची ओळ मोठ्याने वाचली. माझं घरसुद्धा दुसऱ्या कोणाच्या घरावरून घेतलेलं होतं! ते बटण मी पहिल्या दिवशी दाबलं होतं, भाऊजी, कारण फोनवर तुम्ही म्हणाला होतात, "जे हिरवं दिसेल ते दाब."

मग पालक आले. बडबडीचे वडील वकील आहेत, हे मला आधी कोणी सांगितलं नाही. (तिच्याकडे बघून कळायला हवं होतं.) मोठ्या बाईंच्या खोलीत ते फार नम्रपणे म्हणाले, "बाई, माझ्या मुलीने तुमची नक्कल केली, तिला शून्य. बरोबर आहे. तुम्ही ज्यांची केलीत, त्याबद्दल तुम्हाला किती?" मोठ्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी सांगितलं, माझं घर म्हणजे चौकोन आणि त्रिकोण, त्यात नक्कल करण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, अगदी बरोबर, हेच मुलीचं म्हणणं. मी इतकी वर्षं फळ्यावर चौकोन काढते, भाऊजी, आणि तो कुणाचा हे मला एकदाही कोणी विचारलं नव्हतं.

शेवटी मोठ्या बाईंनी निकाल दिला. शून्यं तूर्त पेन्सिलीने लिहायची. आणि गुरुवारी समितीपुढे मुलांच्या आधी मी स्वतःचा एक प्रोग्राम दाखवायचा, संपूर्ण स्वतःचा, ज्याच्याखाली कोणाचंही नाव येणार नाही असा. दोन बसचा प्रश्न त्यावर ठरेल.

तेव्हापासून रोज कोऱ्या पानासमोर बसते. कासव माझ्याकडे बघतं, मी कासवाकडे. वर्तुळ काढलं तर ते मदतीच्या पानात आधीच आहे. फूल काढलं तर तेही आहे. काल रागाने काहीबाही हुकूम दिले, तर त्यातून पुन्हा घरच तयार झालं. काय आपलं आणि काय दुसऱ्याचं, हेच मला आता कळेनासं झालंय. मुलांना मात्र कळतं. ती भराभर एकमेकांचं उचलतात, भर घालतात, चुका शोधतात आणि माझ्यासमोर 'हे तिच्याकडून घेतलं' असं छातीठोक सांगतात. मला समजत नाही की यांना शिक्षा करावी की शाबासकी द्यावी, म्हणून मी नुसती वर्गातून फेऱ्या मारते.

असो. मन मोकळं करायला लिहिलं, दुसरं काही मागणं नाही. तब्येतीला जपा. ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
मेव्हणी

ता. क. : मागणं नाही म्हटलं ते ताईने वाचलं तर असावं म्हणून. गुरुवारच्या आत एक छोटासा प्रोग्राम लिहून पाठवाल का? माझाच वाटेल असा. दोनचार चुका राहू द्या, नाही तर समितीला संशय येईल.

ता. क. दुसरा : त्या साधनावर ठेवू नका, खाली तुमचं नाव येईल. कागदावर उतरवून पाठवा, मी बघून बघून टाइप करीन.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार एवढ्यात ताईचा फोन आला. तिला सहज विचारलं, भाऊजी ऑफिसात एवढे प्रोग्राम लिहितात तरी कसे? म्हणाली, "ते कसले लिहितायत! दिवसभर इंटरनेटवरून दुसऱ्यांचं उचलून आणतात आणि कुठे काय बिघडलं ते बघत बसतात." तेव्हा तुम्ही तसदी घेऊ नका. तुम्ही ज्यांच्याकडून उचलता त्यांचा पत्ता मात्र कळवा. आणि तेही कोणाकडून घेत असतील, तर सगळ्यांत वर जे कोणी बसलेत त्यांचाच कळवा. मी त्यांना सरळ 'महोदय' घालून लिहीन.