पंप हवा खातोय

१४ डिसेंबर १९५५, बुधवार

ग्रहण सुटलं. सासूबाईंनी हंडे-कळशा पालथ्या केल्या, माठ रिकामा केला, आणि मग साळसूदपणे विचारलं, "हौदाचं काय?"

हौदाचं काय म्हणजे! बागेचा जुना हौद खोल केला, आत फरशी बसवली, पंप आणि वाळूची टाकी लावली, ते सगळं शकूच्या पायांसाठी. पंप पाणी ओढतो, वाळूतून गाळतो, परत हौदात सोडतो. हौद नव्याने भरायचा तर विहीर तळाला जाईल. मी स्पष्ट सांगितलं, एक थेंब ओतणार नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "नकोच ओतूस. तुझा स्वभाव माहीत आहे मला. सकाळीच टोपलीभर तुळस आणि दर्भ टाकून ठेवलाय मी त्यात. ते पाणी बाटत नाही."

ठाण्यात आमच्याएवढं पवित्र पाणी आज कुणाकडे नसेल.

१५ डिसेंबर, गुरुवार

पवित्र पाणी आणि मेलेला पंप. मनगटाएवढी धार पडायची, आज करंगळीएवढी. मोटर फिरते, आवाज करते, ओढत मात्र नाही. पंपाअलीकडे जाळीचा डबा आहे, त्याचं झाकण काढलं. आत तुळशीचा आणि दर्भाचा लगदा! मूठमूठ काढला. सासूबाई ओसरीवरून बघत होत्या.  

१६ डिसेंबर

जाळी साफ, धार तरीही बारीक. आणि आता हौदात परतणाऱ्या पाण्यात बुडबुडे.

१८ डिसेंबर, रविवार

पाणी गढुळलं. डॉक्टरांचं बजावणं आहे, पाणी नितळ असेल तरच उतरवा. पावसाळ्यात शकूचा कान फुटला होता, तेव्हापासून हा नियम. म्हणजे पाणी नितळेपर्यंत व्यायाम बंद.

संक्रांतीला डॉक्टर तपासणार. नऊ वर्षांची पोर, पोलिओ होऊन दोन वर्षं झाली. पाण्यात उभी राहते, बाहेर कुबड्या सुटत नाहीत. "संक्रांतीपर्यंत आधाराशिवाय उभी राहिली तर ठीक, नाहीतर कमरेपासून लोखंडी पट्ट्या बांधू. मग पुढे पट्ट्याच," असं त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलंय. तेव्हापासून मी रोज तिला पाण्यात उतरवते. रडली तरी उतरवते.

हे आज घरी होते. पंपाभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाले, "ऑफिसात कुणाला तरी विचारतो." ह्यांच्या विमा कचेरीत पंपाचं कुणाला काय कळणार!

२० डिसेंबर, मंगळवार

कल्याणहून गोपीनाथ मिस्त्री आला. पंप त्यानेच बसवला होता. मोटरला कान लावला, डोळे मिटले, वैद्याने नाडी बघावी तसा. मग म्हणाला, "वहिनी, पंप हवा खातोय."

"कुठून खातोय?"

"ते सांगता येत नाय. आतला पंखा गेला असंल. नवीन पंपच बसवा, मी सांगतो तुम्हाला. मागवला तर महिन्याभरात येईल."

महिन्याभरात! संक्रांत काय गोपीनाथसाठी थांबणार आहे? चहा दिला आणि वाटेला लावला. पण एक गोष्ट तो खरी बोलला. हवा खातोय. खातोय म्हणजे कुठून तरी तोंड उघडं आहे. ते मी शोधीन.

२१ डिसेंबर, बुधवार

सापडलं!

सकाळी देवापुढे उदबत्ती लावताना सुचलं. पंप हवा ओढत असेल तर धूरही ओढेल. तीच उदबत्ती घेऊन पंपापाशी गेले. सासूबाई मागून, "अगं, देवाची आहे ती!" म्हटलं, देवाचंच काम आहे. पंप चालू केला आणि हौदापासून नळाच्या एकेक सांध्यापाशी उदबत्ती धरत आले. धूर सरळ वर. पुढचा सांधा, सरळ वर. जाळीच्या डब्याच्या झाकणापाशी आले आणि धूर वाकला, कडेने आत शिरला.

झाकण उघडलं. रबराच्या कड्याखाली दर्भाची एक काडी. गेल्या गुरुवारी जाळी साफ केली तेव्हा मीच ती दाबून बसवली होती. काडी काढली, कडं पुसलं, डब्यात पाणी भरलं, झाकण ठेवून वरचा दोन कानांचा पितळी नट घट्ट पिळला. धार मनगटाएवढी! मला तिथेच नाचावंसं वाटलं.

शकू खुर्चीत बसून बघत होती. "नट सैल राहिला तर काय होईल गं?" तिने विचारलं. पोरीला कुतूहल वाटलं म्हणून बरं वाटलं. सगळं नीट समजावून सांगितलं.

२३ डिसेंबर

पाणी नितळ. शकूला उतरवलं. "आई, गार आहे, आज नको." उतरवलंच. पाय दुखतात म्हणून रडली. मला काय हौस आहे? पण लोखंडापेक्षा रडणं बरं.

२५ डिसेंबर, रविवार

पुन्हा करंगळी, पुन्हा बुडबुडे. ह्या वेळी उदबत्तीही लागली नाही. नट हातालाच सैल लागला. आपोआप सुटला की काय? दोन्ही कान धरून जीव खाऊन पिळला.

२७ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा सैल! आपोआप सुटतो म्हणे, डोंबलाचं. कुणीतरी सोडतंय.

बागेला पाणी घालायला कळव्याहून गणू येतो, त्याला धरलं. "मी कशाला हात लावू, वैनी? मना त्या मशीनची भीती वाटतं." त्याचा चेहरा बघून विश्वास बसला. मग सासूबाई? त्यांना ती मोटरची घरघर मुळीच आवडत नाही, जपात व्यत्यय येतो. तोंडावर विचारलं. त्या दुखावल्या. "माझी नात नाही का ती?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. रात्री जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, पण नट सैल होता हेही खरंच.

पाणी पुन्हा गढूळ. संक्रांत पुढ्यात आली.

२९ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. सकाळी नट पुन्हा पिळला, ह्या वेळी पान्याची दांडी कानांत घालून. सासूबाई महालक्ष्मीची पूजा आटोपून ताम्हन घेऊन आल्या. माझ्याशी अबोलाच. पंपासमोर उभ्या राहिल्या आणि ओलं हळदकुंकू नटाच्या दोन्ही कानांना चांगलं माखलं. "पोरीचं पाणी नीट राहू दे, बाई," असं त्या पंपाला म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत येऊन त्यांचे पाय धरले. म्हणाल्या, "पुरे आता. पोळी लाट."

३० डिसेंबर, शुक्रवार

नट सैल. कुंकू पुसलेलं.

शकू जेवायला बसली. ताटावर हात पुढे केले तर दोन्ही तळवे लाल. मी काही विचारायच्या आत तीच रडायला लागली. "पाणी गढूळ झालं की तू उतरवत नाहीस, म्हणून." पान्याने पिळलेला नट! म्हणाली, लोंबकळून फिरवला.

रागाने हात उचलला होता मी. तो तसाच राहिला. पंप ज्या ओट्यावर आहे तो तिच्या छातीएवढा उंच, आणि तो नट दोन्ही हातांनी धरल्याशिवाय हलत नाही.

"कुबड्या कुठे होत्या?" मी विचारलं.

"आंब्याला टेकवून ठेवल्या. ओट्यापाशी शेवाळ आहे ना, तिथे घसरतात."

आत्ता बाहेर जाऊन बघून आले. आंब्यापासून ओट्यापर्यंत धरायला काही म्हणजे काही नाही.